फलाट क्रमांक पाच

मराठवाड्यात जन्मलेला आणि आयुष्यात एकदा तरी एसटीत चढलेला असा एक माणूस मला दाखवा, ज्याला माझ्या मैत्रिणीनं कधी हाक मारलेली नाही. दाखवलात, तर मी आठ दिवस तोंड उघडणार नाही. ही पैज केवढी जबर आहे ते माझ्या बायकोला विचारा. तीस वर्षं ही बाई छत्रपती संभाजीनगरच्या बसस्थानकावर चौकशीच्या खिडकीमागं बसून माईकवरून गाड्या पुकारत होती. तेवढ्या काळात शहराचं नाव बदललं, फलाटांवरचे पत्रे बदलले, गाड्यांचे रंग बदलले, आवाज तोच. तो गोड होता असं मी म्हणणार नाही. गोड आवाजानं माणसं डुलक्या घेतात. हिचा आवाज तांब्याच्या हंड्यावर पळी मारावी तसा होता. आधी ती माईकवर नखानं दोनदा टकटक करायची, मग एक लांब श्वास घ्यायची. तो श्वाससुद्धा भोंग्यातून सगळ्या स्टँडभर ऐकू जायचा. आणि मग 'सिल्लोड... फलाट क्रमांक दोन!' म्हटलं, की सिल्लोडची मंडळी बशीतला चहा तसाच टाकून, पोरं काखोटीला मारून पळत सुटायची. प्रत्येक गाडी ती दोनदा पुकारायची. पहिली हाक शहाण्यांसाठी, दुसरी बाकीच्यांसाठी, असं तिचं म्हणणं.

मी त्या बाकीच्यांतला. मी पैठणचा विमा एजंट. आमच्या धंद्यातला पहिला धडा असा, की गिऱ्हाइकाचं वाक्य पुरं होऊ द्यायचं नाही. पुरं झालं की त्याच्या शेवटी 'नको' येतं. हा धडा मी इतका मन लावून गिरवला, की घरी, दारी, लग्नात, मयतीत कुणाचंच वाक्य मी शेवटापर्यंत जाऊ दिलं नाही. पंचवीसेक वर्षांपूर्वी एका संध्याकाळी त्या खिडकीशी उभा राहून मी तिला एक उत्तम योजना समजावत होतो. ती मध्येच माईककडं वळली, काहीतरी बोलली, परत वळली. थोड्या वेळानं पुन्हा वळली, पुन्हा काहीतरी बोलली. मी न थांबता बोनसपर्यंत पोचलो. शेवटी तिनं खिडकीतून बाहेर बोट दाखवलं. पैठणची गाडी धूळ उडवत फाटकाबाहेर निघाली होती.

"दोनदा पुकारली," ती म्हणाली.

"मला ऐकूच आलं नाही हो!"

"कसं येईल? एजंट, तुमचं तोंड अन् कान एकाच वायरवर हायेत. एक लागलं की दुसरं बंद."

त्या दिवशी मी एका काळीपिवळी जीपच्या मागं लटकत घरी गेलो. पॉलिसी तिनं घेतली नाही. मैत्री मात्र जमली, आणि 'अहो एजंट'चं 'अरे एजंट' व्हायला दोन उन्हाळे पुरले.

तिनं लग्न केलं नाही. का, असं विचारलं तर "ड्युटी बदलून मिळाली नाय," एवढंच सांगायची. कुत्री मात्र तिनं मनापासून केली. स्टँडवर उभ्या गाड्यांच्या सावलीला कुत्र्या वितात; गाडी सुटते आणि पिल्लं उघड्यावर पडतात. असलं अनाथ पिल्लू ती उचलायची, आणि ज्या गाडीखाली ते सापडलं त्या गाडीचं गाव हेच त्याचं नाव. निवृत्त होताना लोक शाल आणि नारळ घेऊन घरी जातात. ही शाल, नारळ आणि पाच कुत्री घेऊन रिक्षात बसली आणि हर्सूलच्या तलावापलीकडं दोन खोल्या आणि एक कडुनिंब होता तिथं जाऊन राहिली. कन्नड इतका लठ्ठ होता, की दाराची पायरी चढतानाही घाट चढल्यासारखा धापा टाकायचा. सिल्लोड ही बाई पाचांतली मुकादम. जालना सदा भुकेला. वैजापूर अट्टल चोर. माझी एक चप्पल आणि एका गिऱ्हाइकाचा भरलेला फॉर्म त्याच्या पोटी गेला आहे. आणि पाचवा पैठण. काळा, म्हातारा, एक कान फाटलेला, मागचा एक पाय अधू. "तुझ्याच गावचा हाय," ती म्हणायची, "पण ऐकतो बघ किती."

या पाचांचं जेवण म्हणजे तिचा जुना स्टँड. भिंतीला लागून पाच जर्मनच्या ताटल्या, प्रत्येकीवर भिंतीत रंगानं आकडा: फलाट एक ते पाच. पाचही जणं कडुनिंबाखाली बसायची. दूध-भाकरी कुस्करून झाली की ती ताटलीवर नखानं दोनदा टकटक करायची, श्वास घ्यायची आणि पुकारायची. नाव आल्याशिवाय कुणी उठायचं नाही. एकदा जालनाच्या डोळ्यांतलं पाणी बघून मी त्याला चोरून भाकरीचा तुकडा टाकला. तिनं बघितलं. "जालना रद्द!" ती कडाडली, आणि त्या संध्याकाळी जालना आणि मी, दोघंही सगळ्यांत शेवटी जेवलो. पैठणची पाळी नेहमीच पाचवी. बाकीचे चपचप करत असताना तो एकटा झाडाखाली बसलेला असायचा. पण त्याचे डोळे ताटलीवर नसत, तिच्या तोंडावर असत.

गेल्या वर्षी मे महिन्यात तिचा फोन आला. आवाज खरखरीत. "केसर आलाय. आठ दिवस येऊन ऱ्हा."

"घसा बसलाय का तुझा?" असं म्हणून मी पुढची पाच मिनिटं मधाचे उपयोग सांगितले. तिनं ते ऐकून घेतले. तिथंच मला शंका यायला हवी होती. ती माझं कधीच काही ऐकून घ्यायची नाही. बायको म्हणाली, "जा. तिथं निदान कुत्री तरी तुमचं ऐकतील."

उन्हाळा असा, की डांबर चपलेला चिकटत होतं. घरात एक कूलर होता आणि त्याच्यासमोरच्या पाच जागा आधीच भरलेल्या होत्या. दुपारी मी हळूच मधे घुसून आडवा झालो. जाग आली तेव्हा जालना आणि वैजापूर यांच्यामध्ये दाबला गेलो होतो, आणि सिल्लोडबाईंचा एक पाय माझ्या छातीवर होता. "तुझं रिझर्वेशन नाय, वेटिंग हाय," दारातून आवाज आला. नळाला पाणी आठ दिवसांनी यायचं. ते आलं की आधी कुत्र्यांचा टब, मग माठ, मग माणसं. मी आल्या आल्या त्या टबात पाय बुडवले होते, हे मी इथं कबूल करतो. तिथं केलं नव्हतं. आंबे मात्र आम्ही भरपूर खाल्ले. म्हणजे मी खाल्ले. ती एक फोड तोंडात घेऊन बराच वेळ बसून राहायची.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तिनं ताटलीवर टकटक केलं, श्वास घेतला, आणि 'कन्नड'ऐवजी गंजक्या कडीसारखा नुसता घरघरता आवाज आला. कन्नड तरीही उठला. पाचही उठली. ती गळ्यावर हात ठेवून खाली बसली.

"गाठ हाय," ती म्हणाली. "आवाजाची पेटीच काढावी लागंल म्हणले डॉक्टर. येत्या सोमवारी."

"अगं, आजकाल शास्त्र इतकं पुढं गेलंय—"

तिनं पंजा वर केला. "जगते रे मी. डॉक्टर म्हणले, जगशील. मी माझं नाय बोलत. ही पाच जणं. पुकारल्याबिगर उठायचं नाय, हे मीच शिकवलं ना त्यांना? दुसरं काही येतच नाय त्यांना. आता कोण पुकारंल?"

"मी!"

"पुकारून बघ."

मी छाती भरून, ज्या आवाजात अर्ध्या तालुक्याला विमा विकला त्या आवाजात कन्नड पुकारला. कन्नडनं कूस बदलली. सिल्लोड मुकादमिणीनं माझ्याकडं अशी एक नजर टाकली, की मी दोन पावलं मागं सरलो. वैजापूरनं जांभई दिली. पलीकडच्या गल्लीतलं एक अनोळखी कुत्रं मात्र शेपूट हलवत फाटकाशी आलं.

तेव्हा मला ती कल्पना सुचली, आणि मला सुचलेल्या कल्पनांचा इतिहास बघता तिनं तिथंच मला थांबवायला हवं होतं. माझा फोन नवा होता. त्यात तिच्या हाका भरून घ्यायच्या आणि रोज संध्याकाळी वाजवायच्या. ती हो म्हणाली, पण "घसा जरा मोकळा होऊ दे" म्हणत रोज पुढं ढकलत गेली. घसा रोज आणखी बसत गेला. रविवारी सकाळी दवाखान्यात भरती व्हायचं होतं. कय्यूमभाईंची रिक्षा दारात येऊन हॉर्न वाजवायला लागली तेव्हा ती उठली आणि म्हणाली, "आण तुझा माईक."

मी फोन तिच्या तोंडाशी धरला. तिनं त्यावर नखानं दोनदा टकटक केलं. श्वास घेतला. आणि कुठून आला कोण जाणे, पण तीस वर्षांचा तो आवाज आला. "कन्नड... फलाट क्रमांक एक." मग थांबली, पाण्याचा घोट घेतला, गळा चोळला. प्रत्येकाला एकेकदाच पुकारत होती. दोनदा म्हणायची ताकद नव्हती. "सिल्लोड... फलाट क्रमांक दोन." पुन्हा घोट. जालना. वैजापूर. बाहेर हॉर्न, इकडं मी कौतुकानं उतू चाललेलो. "झालं, झालं! मस्त आलं!" असं ओरडून मी बटण दाबलं आणि पिशवी उचलली.

"चाचा, रुको ना जरा," कय्यूमभाई म्हणाले. "मॅडम कुछ बोलने लगे थे."

"रस्त्यात बोलू, रस्त्यात बोलू," मी म्हणालो. रस्त्यात ती रिक्षाबाहेर बघत राहिली, आणि मी तिला दवाखान्याच्या खर्चाचा दावा कसा भरायचा ते समजावून सांगितलं.

संध्याकाळी मी ताटल्या मांडल्या आणि फोन वाजवला. चमत्कार झाला हो! कन्नड उठला, सिल्लोड उठली, जालना, वैजापूर, सगळे शिस्तीत आपापल्या फलाटावर. मी प्रत्येकाला "वा बेटा, शाब्बास" म्हणत वाढत होतो. पैठण मात्र झाडाखाली बसूनच राहिला. बिचाऱ्याला करमत नसेल, असा निष्कर्ष मी काढला. तेवढ्यात तिचा फोन.

"जेवले?" आवाज जेमतेम होता.

"सगळे जेवले! तू निवांत झोप."

"ऐक ना, पैठणला—"

"हो हो, त्याला बघतो मी. आता बोलू नकोस, ताण पडेल. उद्या बोलू."

आणि मी फोन ठेवला. जन्मभर बोलून पोट भरलेला मी माणूस. लाखो वाक्यं बोललो असेन, त्यांतली बरीचशी खोटी. पण जिचा आवाज दुसऱ्या दिवशी सकाळी कापून काढणार होते तिला "उद्या बोलू" म्हणणारं ते वाक्य मला अजून गिळता येत नाही.

सोमवारी ऑपरेशन झालं. पैठणनं सोमवारीही ताटलीला तोंड लावलं नाही. मी त्याला हाका मारल्या. प्रेमानं मारल्या, दरडावून मारल्या, बायकी आवाज काढून मारल्या, त्याच्यापुढं ओणवा होऊन भाकरीचा घास स्वतः खाऊन दाखवला. तो पाणी प्यायचा आणि परत जागेवर जाऊन बसायचा. मंगळवारी संध्याकाळपर्यंत हाका मारून मारून माझाच घसा बसला. तोंडातून शब्द फुटेना. आणि म्हणून, केवळ म्हणून, फोन वाजत असताना मी पहिल्यांदा गप्प होतो.

वैजापूर... फलाट क्रमांक चार. मग पाण्याचा घोट. मग तिनं घेतलेला लांब श्वास. आणि त्या श्वासावर एका मूर्ख माणसाचा आवाज: "झालं, झालं! मस्त आलं!"

पाचवा फलाट फोनमध्ये नव्हताच. तो म्हातारा कुत्रा तीन दिवस उपाशी बसला होता, कारण त्याची गाडी कुणी पुकारलीच नव्हती. रविवारी संध्याकाळी तिचा फोन आला तेव्हा अजून वेळ होता. मी रिक्षा करून गेलो असतो तर तिनं ती तीन अक्षरं म्हटली असती. मी खाली त्याच्याजवळ बसलो. बोटाला दूध लावून त्याच्या तोंडाशी नेलं. त्यानं ते चाटलं, पण नजर फाटकाकडं.

गुरुवारी मला तिला भेटू दिलं. गळ्याशी पट्ट्या, नळी, आणि मांडीवर लहान मुलांची पाटी. तिनं पेन्सिलीनं लिहिलं, 'जेवले?' मी मान हलवली, चार बोटं दाखवली. पाचवं बोट मुठीत. मग बसक्या घशानं, कुजबुजत, सगळं सांगितलं. औषध द्यायला आलेली नर्स एकदा तिच्याकडं आणि एकदा माझ्याकडं बघून म्हणाली, "काका, तुमचंही ऑपरेशन झालंय का?"

मला वाटलं, पाटी डोक्यात बसणार. तिनं सावकाश लिहिलं: 'माहीत हाय. तू झालं म्हणालास तेव्हा वाटलं, दुसऱ्या हाकेला म्हणीन.' तळहातानं पुसलं. पुन्हा लिहिलं: 'दोनदा पुकारायची सवय रे.' तेही पुसलं. शेवटी लिहिलं: 'पैठणला सांग, गाडी लेट हाय. रद्द नाय.'

मी घरी जाऊन त्याला अक्षर न् अक्षर सांगितलं. माझा निरोप न तोडता ऐकून घेणारा तो जगातला पहिला जीव. पुढं काही दिवस मी त्याला हातानं दूध-भाकरी चारत राहिलो, आणि एका संध्याकाळी नवल घडलं. फोन वाजला, चौघं उठले, "झालं, झालं! मस्त आलं!" ऐकू आलं, आणि मी वळून बघतो तर पैठण लंगडत पाचव्या फलाटाकडं निघालेला! मी अंगणात नाचलो. माझा आवाज! माझ्या हाकेवर आला!

ती परत आली तेव्हा पंधरवडा उलटून गेला होता. गळ्याला मलमलीचा रुमाल. चौघांनी तिला पाडायचंच बाकी ठेवलं. पैठण सगळ्यांच्या मागून आला, तिचे हात हुंगले, रुमाल हुंगला, आणि मागं जाऊन झाडाखाली बसला. नजर तिच्या तोंडावर. तिनं ताटलीवर नखानं दोनदा टकटक केलं. तोंड उघडलं. तसंच थोडा वेळ उघडं ठेवलं. मग मिटलं, आणि ती आत जाऊन माठातलं पाणी काढत उभी राहिली, तहान नसताना. ते मला बघवेना, म्हणून मी घाईनं फोनमधल्या हाका वाजवल्या. पैठण उठून जेवायला लागला तसा मी आतल्या बाजूला ओरडलो, "बघितलंस? 'झालं, झालं' हेच त्याचं नाव झालंय! माझ्या आवाजाला उठतो!" ती दारात आली. तिनं त्याच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि तिचे खांदे गदगदा हलायला लागले. ती हसत होती. आवाज न येणारं हसू मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. डोळ्यांतलं पाणी कशाचं ते अशा हसण्यात कळत नाही.

तो फोन रोजच्या हाकांसाठी तिच्याकडंच ठेवून मी घरी परतलो, आणि ही गोष्ट वर्षभर पैठणमध्ये सगळ्यांना सांगितली. कुत्र्यांनाही कळतं कुणाचं ऐकावं, असा तिचा शेवट असायचा.

यंदाच्या मे महिन्यात पुन्हा आंब्याचं बोलावणं आलं, या वेळी चिठ्ठीनं. पैठण आता फारच थकलाय. दिसतं कमी, उठायला वेळ लागतो. संध्याकाळी ताटल्या मांडल्या आणि मी फोनमधल्या हाका सुरू करून नेहमीसारखा "वा बेटा" म्हणणार, तोच तिनं माझा हात धरून मला पायरीवर बसवलं. स्वतःच्या ओठांवर बोट ठेवलं. मग तेच बोट पैठणकडं केलं: तिकडं बघ.

कन्नड आपल्या ताटलीकडं गेला. मग सिल्लोड, जालना. वैजापूर, फलाट क्रमांक चार. पाण्याचा घोट. आणि मग तो श्वास, स्टँडभर ऐकू जायचा तसला लांब श्वास. आता तिचा श्वास गळ्यातल्या भोकातून चालतो. तसा श्वास तिलाही पुन्हा घेता यायचा नाही. जगात तो तेवढा एकच उरलाय, माझ्या त्या फोनमध्ये. पैठणचा फाटका कान हलला. त्यानं पुढचे पाय टेकले, अधू पाय ओढून घेतला आणि उठला.

मी तिच्याकडं वळलो, बोलायला तोंड उघडलं, आणि मिटलं. तिनं माझ्या हातावर थोपटलं. पैठण चालायला लागला होता. फोनमधला मी तेव्हा कुठं ओरडत होतो, "झालं, झालं!"